हैदराबादला हॉकी विश्वचषकाची पात्रता स्पर्धा: साताऱ्याची ऋतुजा पिसाळ कोण, आणि फॉरवर्ड नेमकं करते काय?

आदिलाबाद : महिला हॉकीचा विश्वचषक यंदा ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये आहे. तिथं जायचं तिकीट भारताला अजून मिळालेलं नाही. ते मिळवायची जागा मात्र आपल्या दारात आली आहे. 8 ते 14 मार्च 2026 या काळात पात्रता स्पर्धा हैदराबादला होतेय. आठ संघ, दोन गट. आदिलाबादहून 44 नंबरच्या महामार्गानं निघालं तर तीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीच्या बसमध्ये बसलं की सकाळी हैदराबाद.

या निमित्तानं किनवट, माहूर, पांढरकवडा, राजुरा आणि इकडं बेला, जैनद, तामसीपर्यंतच्या मराठी वाचकांनी एक नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. ऋतुजा दादासो पिसाळ. सातारा जिल्ह्यातली मुलगी, भारतीय संघाची फॉरवर्ड. मागच्या वर्षभरात तिनं जे केलं, ते मराठी वर्तमानपत्रांत आलं, पण बहुतेक वेळा चार ओळींत. क्रिकेटच्या पानाखाली उरलेल्या जागेत हॉकी बसवायची आपली जुनी सवय आहे. त्यामुळं गोल किती झाले ते कळतं, पण फॉरवर्ड म्हणजे काय आणि ती घडते कशी, हे राहून जातं.

आधी नावाचं. भारतीय संघाची यादी वाचली तर बाकीच्या मुलींची नावं दोन शब्दांची असतात: नवनीत कौर, मुमताज खान, सलीमा टेटे, ब्युटी डुंगडुंग. मध्येच लांबलचक तीन शब्दांचं नाव आलं की समजावं, मुलगी महाराष्ट्राची. ऋतुजा दादासो पिसाळ, वैष्णवी विठ्ठल फाळके, अक्षता आबासो ढेकळे. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये असतं, तेच थेट आंतरराष्ट्रीय स्कोअरकार्डावर गेलंय. दादासो, आबासो ही नावं ऐकली की पश्चिम महाराष्ट्र डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडं ती सहसा सापडत नाहीत. तेलंगणात याच्या उलट, इंटि पेरु म्हणजे आडनाव आधी. निजामाबादची येंडला सौंदर्या भारताकडून खेळली, तिचं आडनाव येंडला आणि नाव सौंदर्या. आदिलाबादच्या मराठी घरांत तर एकाच मुलाचं नाव शाळेत एका पद्धतीनं आणि रेशनकार्डावर दुसऱ्या पद्धतीनं असतं, त्यामुळं इथल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. ऋतुजाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंगही अधिकृत यादीत असं पडलंय की परदेशी समालोचक तिला 'रुताजा' म्हणतात.

फॉरवर्ड म्हणजे फक्त गोल मारणारी नव्हे

हॉकीत मैदानावर अकरा जणी असतात, त्यांत एक गोलकीपर. मैदान 91.4 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत, म्हणजे साठ मिनिटांचा. गोलच्या समोर अर्धवर्तुळासारखी रेषा आखलेली असते. तिला 'डी' किंवा सर्कल म्हणतात, आणि ती गोलपासून 14.63 मीटरवर असते. हॉकीचं सगळं गणित या रेषेत आहे. फुटबॉलमध्ये मधल्या मैदानातून लाथ मारली आणि बॉल जाळ्यात गेला तरी गोल. हॉकीत तसं नाही. हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूची स्टिक डीच्या आत बॉलला लागली पाहिजे, तरच तो गोल धरतात. बाहेरून मारलेला बॉल कुणाला न लागता सरळ आत गेला तर गोल नाही.

म्हणून फॉरवर्डचं पहिलं काम बॉल घेऊन डीत शिरणं. आत शिरल्यावर तिच्याकडं तीन वाटा असतात. सरळ गोलवर फटका मारायचा. नाहीतर गोलच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मैत्रिणीकडं बॉल ढकलायचा. आणि यांतलं काही जमत नसेल तर समोरच्या बचावपटूच्या पायाला बॉल लावायचा. ही तिसरी वाट नवख्या प्रेक्षकाला चुकल्यासारखी वाटते, पण त्यात मोठी अक्कल आहे. डीच्या आत बचावपटूच्या पायाला बॉल लागला की पेनल्टी कॉर्नर मिळतो. मग बचावाला फक्त पाच जणी (गोलकीपर धरून) गोलरेषेमागं उभ्या राहू शकतात, बाकीच्यांना मधल्या रेषेपलीकडं जावं लागतं. आजच्या हॉकीत कितीतरी गोल या पेनल्टी कॉर्नरवर होतात. गोल ड्रॅगफ्लिक मारणारीच्या नावावर लागतो. कॉर्नर मिळवून देणारीचं नाव पेपरात येत नाही.

जमाखर्चाच्या भाषेत सांगायचं तर फॉरवर्डच्या खात्यावर जमेच्या बाजूला फक्त गोल लिहितात, आणि तिची अर्धी कमाई दुसऱ्याच्या खात्यावर चढते.

दुसरं काम बॉल आपल्याकडं नसतानाचं. समोरच्या संघाची बचावपटू मागून खेळ बांधायला लागली की तिच्यावर पहिल्यांदा धावून जाणारी फॉरवर्डच असते. नुसतं धावून भागत नाही. तिला ज्या बाजूला पास द्यायचा आहे ती बाजू बंद करून, आपल्याला हवी त्या बाजूला तिला ढकलायचं असतं. एक फॉरवर्ड आळशीपणा करून उभी राहिली की मागच्या नऊ जणींची मांडणी कोलमडते. प्रशिक्षक संघातून कुणाला काढतात आणि कुणाला ठेवतात, हे पुष्कळदा इथं ठरतं, गोलांच्या आकड्यावर नाही.

या धावण्यामुळंच फॉरवर्ड पूर्ण साठ मिनिटं मैदानावर नसते. हॉकीत खेळाडू बदलायला मर्यादा नाही आणि बाहेर गेलेली पुन्हा आत येऊ शकते. काही मिनिटं जीव तोडून पळायचं, बाकावर बसून श्वास घ्यायचा, पुन्हा आत. टीव्हीवर पाहताना 'अरे, हिला का काढलं?' असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा तिला विश्रांतीला बोलावलेलं असतं.

सांतियागो ते रांची

ऋतुजाचं नाव देशभर गेलं ते 21 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात, 2023 च्या शेवटी, चिलीची राजधानी सांतियागो इथं. प्रीती कर्णधार होती आणि ऋतुजा उपकर्णधार. संघानं कॅनडावर 12-0 असा विजय मिळवून सुरुवात केली, पण जर्मनीकडून 3-4 आणि बेल्जियमकडून 2-3 अशा एकेका गोलानं दोन हारी पदरी आल्या. पहिल्या आठातली जागा गेली. उरलं नववं स्थान, आणि त्यासाठी अमेरिकेशी सामना. तो 2-2 असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटवर गेला.

शूटआउट म्हणजे फुटबॉलसारखी ठरावीक जागेवरून मारलेली पेनल्टी नव्हे. खेळाडू 23 मीटरच्या रेषेवर बॉल घेऊन उभी राहते. शिट्टी वाजली की आठ सेकंद. समोर एकटी गोलकीपर, तीही पुढं धावत येणार. आठ सेकंदांत तिला चकवून बॉल जाळ्यात टाकायचा. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच जणींनंतरही बरोबरी असेल तर सडन डेथ, म्हणजे एक-एक जोडी, पहिली चुकली की खेळ संपला. अमेरिकेविरुद्ध तेच झालं. नेहमीच्या पाचांत ऋतुजानं गोल केला होता आणि सडन डेथमध्येही तिलाच पाठवलं गेलं. तिनं तोही घातला आणि भारत 3-2 असा जिंकला. नववं स्थान काही मिरवण्यासारखं नाही, हे खरंच. पण प्रशिक्षकाला त्या घडीला जिच्यावर भरवसा वाटला, ती कोण होती हे निवडकर्त्यांनी पाहिलं.

त्यानंतर सव्वा महिन्यानं, 19 जानेवारी 2024 ला, सीनियर संघाचं रांचीत वाटोळं झालं. पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत तिसऱ्या जागेच्या सामन्यात जपाननं 1-0 नं हरवलं आणि टोकियोत चौथा आलेला संघ पॅरिसला गेलाच नाही. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांपुढं. हैदराबादची धास्ती का वाटते, ती यामुळं.

त्याच रांचीत, त्याच स्टेडियमवर, बरोबर वर्षानं ऋतुजाचा दिवस उगवला. हॉकी इंडिया लीगमध्ये महिलांची स्पर्धा पहिल्यांदाच झाली, चार संघांची. 26 जानेवारी 2025 ला अंतिम सामना ओडिशा वॉरियर्स आणि सूरमा हॉकी क्लब यांच्यात. ऋतुजा ओडिशाकडून. 20 व्या मिनिटाला तिनं पहिला गोल केला. 28 व्या मिनिटाला सूरमाच्या पेनी स्क्विबनं बरोबरी साधली. मग बराच वेळ काहीच नाही. सामना संपायला चार मिनिटं उरली असताना, 56 व्या मिनिटाला, पुन्हा ऋतुजा. ओडिशा 2-1. महिला लीगचं पहिलंवहिलं विजेतेपद साताऱ्याच्या मुलीच्या दोन गोलांवर ठरलं.

इथं पैशाचा हिशेब थोडा पाहू, कारण मुलीला हॉकीत घालावं का असं विचारणाऱ्या पालकाच्या मनात तोच प्रश्न असतो. लीगच्या लिलावात महिलांच्या प्रत्येक संघाला खेळाडू घेण्यासाठी 2 कोटींची मर्यादा होती. पुरुषांच्या संघाला 4 कोटी. महिलांमध्ये सगळ्यात महागडी ठरली हरियाणाची बचावपटू उदिता, 32 लाख. नेदरलँड्सची ड्रॅगफ्लिकर यिबी यान्सन 29 लाखांना ओडिशाकडं, म्हणजे ऋतुजाच्याच संघात. पुरुषांचा सगळ्यात महाग खेळाडू, कर्णधार हरमनप्रीत सिंग, 78 लाखांना गेला. क्रिकेटच्या लिलावाशी तुलना करायची नाही, ती केली तर रडूच येईल. पण वीस-बावीस वर्षांच्या मुलीला काही आठवड्यांच्या स्पर्धेचे लाखांत पैसे मिळणं ही गोष्ट भारतीय महिला हॉकीत या लीगआधी नव्हती. त्याआधी महिला हॉकीपटूचं सगळं आर्थिक गणित एकाच गोष्टीवर चालायचं: रेल्वेत किंवा दुसऱ्या सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. आजही पक्का आधार तोच आहे. लीग वर्षातून एकदा येते, पगार दर महिन्याला.

सीनियर संघात जागा कशी झाली

दोन गोलांनंतर तीन आठवड्यांच्या आत ऋतुजा भुवनेश्वरला प्रो लीगमध्ये भारताच्या निळ्या जर्सीत होती. 18 फेब्रुवारी 2025 ला स्पेनविरुद्ध भारत 3-4 नं हरला, त्यातला एक गोल तिचा, 45 व्या मिनिटाला.

तिच्या गुणांबरोबर वेळही जुळून आली, हे सांगितलं पाहिजे. राणी रामपालनं ऑक्टोबर 2024 मध्ये निवृत्ती घेतली. वंदना कटारियानं 1 एप्रिल 2025 ला. वंदना म्हणजे 320 सामने आणि 158 गोल, आणि टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्‌ट्रिक; ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. एवढी मोठी माणसं गेली की पुढच्या फळीत भगदाड पडतं. ते भरायला एकाच वेळी पाच-सहा मुली रांगेत होत्या. म्हणजे जागा मोकळी होती, पण स्वस्त नव्हती. शिवाय 2025 चं वर्ष संघाला वाईट गेलं. प्रो लीगच्या युरोपातल्या सामन्यांत एकामागून एक पराभव झाले, भारत तळाला राहिला आणि खालच्या पायरीवर, नेशन्स कपमध्ये, ढकलला गेला. पडत्या संघात नव्या मुलीनं आपली जागा टिकवणं हे जिंकत्या संघात टिकवण्यापेक्षा अवघड असतं, कारण प्रत्येक पराभवानंतर यादीवर पेन फिरतो.

सप्टेंबरमध्ये चीनच्या हांगझोऊला आशिया कप झाला. ड्रॅगफ्लिक मारणारी दीपिका आणि अनुभवी गोलकीपर सविता, दोघी दुखापतीमुळं बाहेर. दीपिका नाही म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर हमखास गोल करणारी नाही. म्हणजे चालू खेळातून गोल आणायची जबाबदारी फॉरवर्डवर.

थायलंडला 11-0 नं हरवलं, त्यात ऋतुजाचा एक. असल्या सामन्यांतले गोल फार मनावर घेऊ नयेत. खरी परीक्षा जपानची होती. 6 सप्टेंबरला जपाननं दहाव्या मिनिटालाच गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर, 30 व्या मिनिटाला, ऋतुजानं बरोबरी करून दिली. जपाननं 58 व्या मिनिटाला पुन्हा आघाडी घेतली आणि शेवटच्या मिनिटाला नवनीत कौरनं 2-2 केलं. हा सामना हातातून जाता जाता वाचला.

चार दिवसांनी, सुपर फोरमध्ये कोरिया. हा सामना मराठी माणसानं जपून ठेवावा असा. दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर वैष्णवी फाळकेनं पहिला गोल केला. संगीता कुमारी आणि लालरेमसियामी यांनी पुढचे दोन केले. कोरियानं 53 व्या मिनिटाला 3-2 केलं आणि शेवटची सात मिनिटं जिवाला घोर लागला. बरोबरी झाली असती तर अंतिम फेरीचं गणित बिघडलं असतं. 59 व्या मिनिटाला ऋतुजानं चौथा गोल घालून विषय संपवला. पहिला गोल सातारा जिल्ह्याचा, शेवटचाही सातारा जिल्ह्याचा.

14 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात नवनीतनं पहिल्याच मिनिटाला गोल केला, पण चीननं नंतर चार घातले. 1-4. रौप्यपदक मिळालं. पदक घेऊन फोटो काढले गेले, पण जिंकणाऱ्याला विश्वचषकाचं थेट तिकीट होतं आणि ते चीननं नेलं. भारताला पात्रता स्पर्धेच्या वाटेनं यावं लागणार हे त्याच संध्याकाळी ठरलं. ती वाट फिरून आली हैदराबादला.

एकाच जिल्ह्यातल्या इतक्या मुली कशा?

वैष्णवी फाळके फलटण तालुक्यातल्या आसू गावची. अक्षता ढेकळे त्याच तालुक्यातल्या वाखरीची. ऋतुजाही सातारा जिल्ह्यातलीच. अक्षता 2022 च्या ज्युनियर विश्वचषकात चौथ्या आलेल्या संघात होती, तर वैष्णवी 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये ब्राँझ जिंकलेल्या संघात. एवढ्या मुली एकाच भागातून निघाल्या तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

मराठी बातम्यांत अशा मुलींची कथा एका ठरलेल्या साच्यात येते: शेतकऱ्याची पोर, हलाखी, जिद्द, यश. त्यातलं काहीही खोटं नसतं. पण जिद्दी शेतकऱ्यांच्या पोरी जिवती तालुक्यात आणि उटनूरच्या डोंगरातही आहेत, तिथून भारताची हॉकीपटू निघत नाही. फरक पडतो तो मधल्या शिडीमुळं. शाळेत हॉकी शिकवणारा कुणीतरी असतो. त्याच्या नजरेत भरलेल्या मुलीला लहान वयात पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडापीठात, क्रीडा प्रबोधिनीत नेलं जातं. महाराष्ट्र सरकारची ही निवासी योजना आहे. राहणं, खाणं, शाळा आणि सराव सगळं एका जागी. साताऱ्याच्या या मुली त्याच दारातून गेल्या.

त्या दाराचा खरा फायदा म्हणजे टर्फ. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. पाणी मारलेल्या टर्फवर बॉल मातीच्या मैदानापेक्षा कितीतरी जोरात आणि सरळ धावतो. मातीवर बॉल उसळतो, म्हणून मुलगी तो आधी थांबवायला शिकते आणि मग खेळवायला. टर्फवर थांबवत बसलं की समोरची घेऊन जाते. तिथं एकाच हालचालीत बॉल घेऊन वळावं लागतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत मातीवर खेळलेल्या मुलीला ही सवय मोडायला वर्षं लागतात, आणि फॉरवर्डला तर सगळ्यात जास्त, कारण डीत तिला विचार करायला एक-दीड सेकंदसुद्धा मिळत नाही.

पुण्याची हॉकी यापेक्षा जुनी आहे. महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली 1980 ला मॉस्कोत, आणि त्या भारतीय संघात पुण्याची रेखा मुंडफन होती. भारत चौथा आला. 1982 च्या दिल्ली एशियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार एलिझा नेल्सनही पुण्याचीच. पण त्या काळात हॉकी शहरातल्या क्लबांत आणि कॉन्व्हेंट शाळांत होती. खेड्यातली मुलगी यायला प्रबोधिनीसारखी सोय व्हावी लागली.

आपल्या बाजूला काय?

तेलंगणातही शिडी आहे, फक्त मराठी घरांत तिची माहिती कमी. राज्याच्या क्रीडा शाळा तीन: हैदराबादजवळ हकीमपेट, करीमनगर आणि आपलं आदिलाबाद. या निवासी शाळा आहेत आणि प्रवेश चौथीच्या वर्गाला होतो. मंडल, मग जिल्हा, मग राज्य अशा पायऱ्यांनी निवड होते. उंची, वजन, 30 मीटर धाव, उभ्या जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, 800 मीटर धाव अशा चाचण्या असतात. मुलीला कुठलाही खेळ येत असण्याची गरज नसते, अंग चपळ आहे का एवढंच पाहतात.

गोम वयाची आहे. चौथी म्हणजे आठ-नऊ वर्षं. आपल्याकडं मुलगी पळायला चांगली आहे हे घरच्यांच्या लक्षात येतं सातवी-आठवीत, शाळेच्या स्पर्धेत पहिली आली की. तोवर हे दार बंद झालेलं असतं. भाषेची भीतीही आडवी येते. मराठी शाळेतली पोर तेलुगू वसतिगृहात रमेल का, असं म्हणत पालक अर्जच करत नाहीत. वाटतं ते चुकीचं नाही, पण भारतीय संघाच्या बेंगळुरूच्या शिबिरात झारखंडची, मिझोरामची, हरियाणाची आणि साताऱ्याची मुलगी एकाच खोलीत राहतात. तिथंही कुणाला आपली भाषा मिळत नाही.

दुसरी अडचण हद्दीची. हद्दीच्या अलीकडच्या मुलीला महाराष्ट्राच्या प्रबोधिनीवर हक्क सांगता येत नाही, आणि पलीकडच्या किनवटच्या मुलीला आदिलाबादची क्रीडा शाळा जवळ असूनही ती दुसऱ्या राज्याची. राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं तर हॉकी इंडियाकडं एका राज्य संघटनेमार्फत नोंदणी लागते. त्यामुळं नातेवाइकांचा पत्ता देऊन दोन्हीकडं पाय ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. कागद जुळले नाहीत की मुलीचंच वर्ष वाया जातं. जिथं राहता तिथल्या शाळेचा रस्ता धरावा. कोणत्या शाळेत यंदा कोणता खेळ आहे, हे त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहून आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्यावं.

इकडून कुणी गेलंच नाही असंही नाही. येंडला सौंदर्या भारताची फॉरवर्ड झाली ती शेजारच्या निजामाबादहून. बॉक्सिंगमध्ये दोन वेळा जगज्जेती झालेली निखत झरीनही निजामाबादची. आदिलाबादपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास.

हैदराबादला गेलात तर

संघ अजून जाहीर व्हायचा आहे. टोकियोत संघाला चौथ्या जागेपर्यंत नेणारे डच प्रशिक्षक शोर्ड मारिन पुन्हा परत आले आहेत, आणि नवा प्रशिक्षक आला की जुनी यादी पाटीवरून पुसली जाते. फॉरवर्डच्या जागा थोड्या, दावेदार जास्त: नवनीत, लालरेमसियामी, मुमताज, ब्युटी, संगीता, शर्मिला, दुखापतीतून परतणारी दीपिका. ऋतुजाला त्यांच्यातूनच वाट काढावी लागेल.

ती संघात असेल आणि तुम्ही मैदानावर असाल, तर बॉल भारताच्या गोलजवळ असताना एकदा तिकडची नजर काढून दुसऱ्या टोकाला पाहा. समोरच्या दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत ती उभी असेल, कधी दोन पावलं पुढं, कधी मागं, स्टिक जमिनीला टेकवून. टीव्हीचा कॅमेरा हे दाखवत नाही. मागून लांब पास आला की ती कुठल्या खांद्यावरून वळते तेवढं बघा. डीपर्यंत पोचायचं की नाही, ते त्या वळण्यातच ठरतं.